रुडॉल्फ डिझेल : इंजिनाचे मोल आणि एका आयुष्याचा हिशेब

भुसावळ आणि रेल्वे ही दोन नावे खानदेशात एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. मुंबईहून निघालेला लोहमार्ग येथे येऊन दुभंगतो. एक फाटा इटारसीकडे जातो, दुसरा नागपूरकडे. देशातील मोठ्या लोकोशेडपैकी एक येथे होते आणि कोळशाच्या धुराने या गावाच्या कित्येक पिढ्यांचे कपडे काळे केले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इगतपुरीहून विजेच्या तारा भुसावळपर्यंत आल्या. त्यापुढचे विद्युतीकरण होण्यास मात्र १९९० चा सुमार उजाडावा लागला. मधल्या दोन दशकांत मुंबईकडून आलेल्या गाडीचे विजेचे इंजिन भुसावळला सुटायचे आणि पुढच्या प्रवासासाठी डिझेल इंजिन जोडले जायचे. चाळीसगाव-धुळे पॅसेंजरही अनेक वर्षे डिझेलवरच धावली. पाचोरा-जामनेर या अरुंद मार्गावरील चिमुकल्या गाडीलाही वाफेच्या इंजिनानंतर डिझेलनेच हात दिला. यावल-रावेरच्या केळीच्या बागांत, विहिरीच्या काठावर धापा टाकणारे यंत्रही तेच. डिझेल हा शब्द इतका रुळला, की ते एका माणसाचे आडनाव आहे याची आठवणही कुणाला उरली नाही.

त्या माणसाचे नाव रुडॉल्फ ख्रिस्तियान कार्ल डिझेल. त्याने जगाला सर्वांत काटकसरीचे इंजिन दिले. स्वतःच्या आयुष्याचा जमाखर्च मात्र त्याला कधी जुळवता आला नाही.

पॅरिसमधील निर्वासित

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे झाला. वडील थिओडोर हे मूळचे बव्हेरियातील ऑग्सबर्गचे. पुस्तकबांधणी आणि चामड्याच्या वस्तू बनविणे हा त्यांचा व्यवसाय. आई एलिझ न्यूरेंबर्गची. घरची परिस्थिती बेताचीच होती. तयार माल गिऱ्हाइकांकडे पोहोचविण्याचे काम लहानग्या रुडॉल्फकडे असे. मोकळा वेळ मिळाला की तो पॅरिसच्या तंत्रविद्येच्या संग्रहालयात जाऊन जुन्या यंत्रांसमोर तासन् तास उभा राही. शाळेत त्याने पदकही पटकावले. पण १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि जर्मन वंशाच्या कुटुंबांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तेथे पोटापाण्याची भ्रांत पडली, तेव्हा बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबर्गला काका-काकूंकडे धाडण्यात आले. काका गणिताचे शिक्षक होते.

या विस्थापनाने मुलाचे आयुष्य घडविले. तो पॅरिसमध्ये जर्मन ठरला, लंडनमध्ये परका आणि ऑग्सबर्गमध्ये आश्रित. अशा मुलाला स्वतःच्या बुद्धीखेरीज दुसरा आधार नसतो. चौदाव्या वर्षीच त्याने अभियंता होण्याचा निश्चय आईवडिलांना पत्राने कळविला. पुढे शिष्यवृत्तीच्या बळावर त्याने म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळविला. परीक्षेच्या वेळी विषमज्वराने गाठल्यामुळे त्याचे वर्ष लांबले. त्या काळात स्वित्झर्लंडमधील विंटरथुर येथील झुल्झर बंधूंच्या कारखान्यात त्याने हाताला तेल-ग्रीस लावून काम केले. १८८० च्या आरंभी तो असामान्य गुणांनी उत्तीर्ण झाला.

म्युनिकमध्ये त्याला कार्ल लिंडे यांच्यासारखा गुरू लाभला. शीतकरणाच्या यंत्रांचे जनक असलेल्या लिंडे यांनी वर्गात उष्णतेचे शास्त्र शिकविताना एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविली होती. उत्तमातले उत्तम वाफेचे इंजिनही कोळशातील उष्णतेचा जेमतेम दहावा भाग कामी लावते. बाकीची सारी उष्णता वाया जाते. फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ मध्येच आदर्श उष्णतायंत्राचा सिद्धांत मांडला होता. सिद्धांत आणि प्रत्यक्ष यांतली ही प्रचंड दरी तरुण रुडॉल्फला स्वस्थ बसू देईना.

बर्फापासून अग्नीकडे

शिक्षणानंतर त्याने लिंडे यांच्याच बर्फ कारखान्यात पॅरिस येथे नोकरी धरली आणि वर्षभरात तो तेथील व्यवस्थापक झाला. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे हिच्याशी त्याचा विवाह झाला; पुढे दोन मुलगे व एक मुलगी असा संसार फुलला. दिवसा बर्फाची यंत्रे आणि रात्री अमोनियाच्या वाफेवर चालणाऱ्या इंजिनाचे प्रयोग, असा त्याचा क्रम कित्येक वर्षे चालला. ते प्रयोग फसले. पण त्यातूनच नवी दिशा गवसली. हवा अतिशय जोराने दाबली की ती तापते. इतकी, की तिच्यात इंधन सोडताच ते ठिणगीशिवाय पेटते. सायकलचा पंप जोरात मारताना त्याचे टोक गरम होते, त्याच तत्त्वाची ही पराकाष्ठा होती.

२८ फेब्रुवारी १८९२ या तारखेपासून त्याला या कल्पनेचे जर्मन पेटंट मिळाले. १८९३ च्या आरंभी त्याने आपला सिद्धांत पुस्तकरूपाने मांडला आणि तो प्रती घेऊन कारखानदारांची दारे ठोठावू लागला. ऑग्सबर्ग यंत्रकारखान्याचे प्रमुख हाइनरिश बुट्झ यांनी आणि पाठोपाठ एसेनच्या क्रुप कारखान्याने त्याच्याशी करार केले. यंत्र बनविण्याचा खर्च कारखान्यांचा आणि शोधकाला वर्षाला ३० हजार मार्क, असा तो व्यवहार होता. तोपर्यंत यंत्र केवळ कागदावर होते. उद्योगपतींनी प्रत्यक्ष वस्तू पाहण्याआधीच तिच्यावर पैसे लावावेत, हे त्या काळातही नवलाचेच होते.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या यंत्रात इंधन सोडण्यात आले. दाब इतका चढला, की मोजणीचे उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. सुदैवाने कुणाला गंभीर इजा झाली नाही. इंजिन स्वतःहून चालले नव्हते. पण दाबलेल्या हवेत इंधन पेटते, हे सिद्ध झाले होते. सहा महिन्यांनी, १७ फेब्रुवारी १८९४ रोजी, यंत्र प्रथमच सुमारे मिनिटभर आपल्या बळावर फिरले. त्यानंतरही तीन वर्षे दुरुस्त्या चालूच राहिल्या. अखेर फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक मॉरिट्झ श्रोटर यांनी सुमारे २० अश्वशक्तीच्या इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. इंधनातील उष्णतेचा २६.२ टक्के भाग कामी लागत होता. वाफेच्या चांगल्या इंजिनाच्या हे दुपटीहून अधिक होते. त्याच वर्षी जूनमध्ये कासेल येथे जर्मन अभियंत्यांच्या सभेत डिझेलने हे निष्कर्ष मांडले आणि एका रात्रीत तो युरोपभर प्रसिद्ध झाला.

हक्क विकले, अनुभव विकता आला नाही

येथून त्याच्या आयुष्याचे दुसरे पर्व सुरू होते आणि ते व्यापाराचे आहे. डिझेल इंजिने विकत नव्हता; तो इंजिने बनविण्याचे हक्क विकत होता. अमेरिकेतील बिअर उत्पादक अडॉल्फस बुश यांनी अमेरिका व कॅनडाच्या हक्कांसाठी दहा लाख मार्क मोजले. रशियासाठी इमॅन्युएल नोबेल यांनी करार केला. ग्लासगोपासून अनेक औद्योगिक शहरांत परवाने गेले. १८९८ मध्ये ऑग्सबर्ग येथे स्थापन झालेल्या एका कंपनीने त्याचे सर्व हक्क ३५ लाख मार्कांना घेतले. बर्फ कारखान्याचा पगारदार व्यवस्थापक चाळिशीत लक्षाधीश झाला.

परंतु गिऱ्हाइकाने नेमके काय विकत घेतले, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. करारात आराखडे होते, पेटंट होते आणि नाव वापरण्याची मुभा होती. ऑग्सबर्गच्या कारागिरांनी चार वर्षे ठोके खात कमावलेला अनुभव मात्र त्यात बांधून देता येण्यासारखा नव्हता. परवानाधारकांनी बनविलेली इंजिने सुरू होईनात. झाली तर टिकेनात. केम्प्टन येथील काडेपेट्यांच्या कारखान्यात बसविलेल्या ६० अश्वशक्तीच्या पहिल्या व्यापारी इंजिनाने इतका त्रास दिला, की ते सतत दुरुस्तीतच राहिले. नाराज ग्राहक यंत्रे परत पाठवू लागले.

यात एका जोडयंत्राचा वाटा फार मोठा होता. डिझेलच्या इंजिनात इंधन सिलिंडरमध्ये शिरायचे ते दाबलेल्या हवेच्या फवाऱ्याबरोबर. ती हवा पुरविण्यासाठी इंजिनाला स्वतंत्र कॉम्प्रेसर जोडावा लागे. हा कॉम्प्रेसर महाग, नाजूक आणि वारंवार बिघडणारा होता. इंजिनाच्याच शक्तीचा काही भाग तो खाऊन टाकी. कागदावर इंजिन एक होते. प्रत्यक्षात ग्राहकाला दोन यंत्रे घ्यावी लागत आणि दोन्ही सांभाळावी लागत. प्रचंड दाब सहन करण्यासाठी सारे भाग जाड व अचूक घडवावे लागत असल्याने मूळ इंजिनही वाफेच्या इंजिनापेक्षा महाग पडे. इंधनातील बचत खरी होती. पण ती बचत हाती येईपर्यंत खरेदीचा आणि देखभालीचा खर्च सोसण्याची ऐपत ग्राहकाकडे असावी लागे. यंत्राच्या दरपत्रकात दिसणारी किंमत आणि त्या यंत्राची खरी किंमत यांत अंतर असते, हा धडा उद्योगजगताला येथे मिळाला.

सततचे प्रवास, पेटंटवरून चाललेले दावे आणि तक्रारींचा मारा यांनी डिझेलची प्रकृती ढासळली. १८९८ च्या अखेरीस त्याला मनःस्वास्थ्यासाठी रुग्णालयात राहावे लागले. बरा होऊन आल्यावर त्याने म्युनिकमध्ये महालासारखे घर बांधले, जमिनीच्या व्यवहारांत आणि गॅलिशियातील तेलक्षेत्रांत पैसे गुंतविले. ज्याने इंजिनातील उष्णतेचा कण न् कण मोजला, त्याने स्वतःच्या पैशांचा हिशेब इतरांवर सोपविला. जमिनीचे व्यवहार फसले, तेलाच्या विहिरी आटल्या आणि कोर्टकचेऱ्या वाढल्या.

भुईमुगाचे तेल आणि कारागिराचे स्वप्न

१९०० च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात डिझेलच्या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. बालपणी ज्या शहरातून त्याला हाकलण्यात आले, त्याच शहराने त्याचा गौरव केला. या प्रदर्शनातील एक छोटे इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले होते. आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतींत भुईमूग विपुल पिके. तेथील शक्तीची गरज तेथल्याच पिकातून भागावी, अशी फ्रेंच सरकारची कल्पना होती. डिझेलने पुढे या प्रयोगाचा आवर्जून पुरस्कार केला. धुळे-जळगाव परिसरात तेलघाण्या आणि भुईमुगाची शेते पाहिलेल्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. शंभर वर्षांनी जैवइंधनाची चर्चा जगभर सुरू झाली, तेव्हा या विस्मृत प्रयोगाची सर्वांना आठवण झाली.

या प्रयोगामागे डिझेलची एक सामाजिक दृष्टी होती. वाफेचे इंजिन मोठ्या कारखान्यालाच परवडे. त्यामुळे लहान कारागीर बुडाला आणि गिरणीचा नोकर झाला, असे डिझेलचे निदान होते. स्वस्त इंधनावर चालणारे छोटे इंजिन विणकर, सुतार, लोहार यांच्या घरात पोहोचले, तर ते पुन्हा स्वतःच्या पायावर उभे राहतील, अशी त्याची आशा होती. १९०३ मध्ये त्याने कामगारांच्या सहकारी मालकीचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले. त्याच्या दहा हजार प्रती छापल्या. खपल्या त्या काही शेकडाच. हे पुस्तक म्हणजेच आपले खरे कार्य, असे त्याला वाटे. जगाने मात्र त्याचे इंजिन उचलले आणि पुस्तक बाजूला ठेवले.

रुळांवरचा पहिला प्रयत्न

समुद्राने डिझेलला लवकर स्वीकारले. १९०३ मध्ये नोबेल यांच्या कंपनीचे जहाज व्होल्गा नदीवर डिझेलवर चालले. १९१२ मध्ये सेलांडिया या डॅनिश जहाजाने डिझेलच्या बळावर महासागर ओलांडला. जहाजाचे इंजिन एकदा सुरू झाले की दिवसेंदिवस एका गतीने चालते. या कामासाठी डिझेल जणू घडलेलेच होते. रेल्वेचे गणित वेगळे होते. आगगाडीला थांबावे लागते, पुन्हा निघावे लागते आणि निघताना सर्वांत अधिक जोर लागतो. वाफेचे इंजिन उभ्या स्थितीतही पूर्ण जोर लावू शकते. डिझेल इंजिन फिरत नसेल, तर त्याच्यात जोरच नसतो.

तरीही डिझेलने ते आव्हान घेतले. झुल्झर कंपनी आणि अभियंता अडॉल्फ क्लोझे यांच्या सहकार्याने एक प्रचंड इंजिन तयार झाले. वजन सुमारे ९५ टन, अपेक्षित वेग ताशी १०० किलोमीटर. १९१२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये विंटरथुर-रोमान्सहॉर्न मार्गावर त्याच्या चाचण्या झाल्या. इंजिनाचा दंड थेट चाकांना जोडलेला होता. त्यामुळे गाडी हलविण्यासाठी दाबलेली हवा लागे आणि त्या हवेसाठी आणखी एक साहाय्यक इंजिन. म्हणजे रेल्वेने हे इंजिन घ्यायचे ठरविले असते, तर मुख्य यंत्राइतकीच काळजी जोडयंत्रांची करावी लागली असती. पुढच्या वर्षी हे इंजिन जर्मनीत धावले. पण मोडतोड थांबेना. अखेर ते भंगारात काढण्यात आले. इंजिन आणि चाके यांच्यामध्ये काय बसवायचे, या प्रश्नाचे उत्तर डिझेलला सापडले नाही. ते उत्तर होते वीज. पण तोवर फार उशीर झाला होता.

ड्रेस्डेन जहाजावरची रात्र

१९१३ चा सप्टेंबर उजाडला तेव्हा डिझेलवर पावणेचार लाख मार्कांच्या आसपास कर्ज होते. हे त्याच्या घरातही कुणाला ठाऊक नव्हते. सुट्टीत त्याने मोठ्या मुलाला घरातील कपाटे आणि कागदपत्रे कोठे आहेत ते दाखवून ठेवले. पत्नीच्या हाती एक बॅग दिली आणि ती आठवडाभर उघडू नये असे बजावले. २९ सप्टेंबरच्या संध्याकाळी तो अँटवर्पहून हारविचला जाणाऱ्या ड्रेस्डेन या जहाजावर चढला. इंग्लंडमधील परवानाधारक कंपनीच्या बैठकीसाठी तो निघाला होता. दोन सहकाऱ्यांबरोबर त्याने जेवण घेतले, डेकवर फेऱ्या मारल्या आणि रात्री दहाच्या सुमारास सकाळी सव्वासहाला उठविण्याची सूचना देऊन तो खोलीत गेला.

सकाळी खोली रिकामी होती. बिछान्याला अंग लागले नव्हते. डेकवर त्याची हॅट आणि ओव्हरकोट सापडला. दैनंदिनीत २९ सप्टेंबर या तारखेवर एक छोटी फुली होती. दहा दिवसांनी एका डच बोटीच्या खलाशांना समुद्रात एक मृतदेह दिसला. त्यांनी खिशातील वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा लाटांच्या स्वाधीन केला. त्या वस्तू धाकट्या मुलाने ओळखल्या. मार्थाने बॅग उघडली तेव्हा तीत २० हजार मार्क निघाले आणि बँकेतील खाती जवळपास रिकामी असल्याची कागदपत्रे. हा घातपात होता, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. युद्धाचे ढग दाटलेल्या युरोपात पाणबुडीच्या इंजिनाचा जनक शत्रूच्या देशात जात होता, हे त्यांचे कारण. परंतु बहुतेक चरित्रकारांचा कल आत्महत्येकडेच आहे. मृत्यूसमयी डिझेल ५५ वर्षांचा होता.

इंजिनाची किंमत कशी ठरते

त्याच्या मृत्यूनंतर अवघ्या दोन-अडीच दशकांत त्याच्या इंजिनाने रुळ जिंकले. १९२० च्या दशकात कॉम्प्रेसरची गरज संपविणारे इंधन पंप आले. त्याच दशकात अमेरिकेत डिझेल इंजिनाने वीज निर्माण करायची आणि त्या विजेवर चाकांच्या मोटारी फिरवायच्या, ही पद्धत रूढ झाली. भारतात ज्यांना सरसकट डिझेल इंजिन म्हटले जाते, ती बहुतेक याच जातीची. १९३९ मध्ये जनरल मोटर्सने ५४०० अश्वशक्तीचा चार भागांचा प्रात्यक्षिक संच अमेरिकेतील वीस रेल्वेमार्गांवर ८३ हजार मैलांहून अधिक फिरविला आणि वाफेच्या युगाचा शेवट निश्चित झाला.

या कंपनीने विक्रीची पद्धतही बदलली. वाफेचे इंजिन प्रत्येक रेल्वे आपापल्या अभियंत्यांच्या आराखड्याप्रमाणे बनवून घेई. डिझेल इंजिन मोटारगाडीप्रमाणे ठराविक नमुन्यांत आणि ठराविक किमतीत विकले जाऊ लागले. ग्राहकाला निवड असे ती वरच्या साधनांची. उतारावर मोटारींनाच जनित्र बनवून वेग आवरणारा डायनॅमिक ब्रेक हवा का? थंड प्रदेशात डब्यांना ऊब देण्यासाठी वाफेचे यंत्र हवे का? मालगाडीसाठी जोराचा गिअर की एक्स्प्रेससाठी वेगाचा? इंधनाची टाकी किती मोठी, आणि दोन-तीन इंजिने एकाच चालकाने हाकण्याची सोय हवी का? यांतले प्रत्येक साधन किंमत वाढविते. पण चुकीच्या ठिकाणी वाचविलेला पैसा पुढे तीस वर्षे खर्च करायला लावतो.

भारतीय रेल्वेला याचा अनुभव लवकर आला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या एएलसीओ कंपनीकडून शंभर डिझेल इंजिने आली. त्यांना चालकाची खोली एकाच टोकाला होती. त्यामुळे ती वळवून घेण्याची यातायात करावी लागे. शिवाय भारतातील गाड्यांना त्या काळी निर्वात ब्रेक होते, तर अमेरिकी गाड्यांना हवेच्या दाबाचे. म्हणून पुढे आलेल्या डब्ल्यूडीएम-२ या २६०० अश्वशक्तीच्या इंजिनांवर हवा दाबणारे आणि हवा खेचणारे असे दुहेरी यंत्र बसवावे लागले. रुळांची रुंदी वेगळी आणि चाकांवरील वजनाची मर्यादाही वेगळी. परदेशी नमुना जसाच्या तसा घेणे शक्यच नव्हते.

त्याहून मोठा निर्णय होता तो तंत्रज्ञानाचा. १९६० च्या दशकाच्या आरंभी एएलसीओ आणि जनरल मोटर्स या दोघांचीही २६०० अश्वशक्तीची इंजिने देशात आली. जनरल मोटर्सचे इंजिन गुणांत कमी नव्हते. पण भारतात उत्पादनासाठी तंत्रज्ञान देण्यास एएलसीओ तयार झाली आणि पारडे तिच्याकडे झुकले. वाराणसीच्या कारखान्यातील पहिले इंजिन ३ जानेवारी १९६४ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाले. एएलसीओने १९६९ मध्ये इंजिने बनविणे बंद केले. वाराणसीने मात्र तोच वंश पुढे कित्येक दशके चालविला आणि सुधारला. डिझेलच्या पहिल्या परवानाधारकांना जे लाभले नव्हते, ते भारताने येथे पदरात पाडून घेतले होते. त्याने आराखड्यांबरोबर ते घडविण्याचे कसबही घेतले. १९९५ मध्ये जनरल मोटर्सशी झालेल्या ३१ इंजिनांच्या करारातही तंत्रज्ञान हस्तांतरण हाच गाभा होता. २०१५ मध्ये बिहारमधील मढौरा येथे हजार इंजिने बनविण्याचा करार जनरल इलेक्ट्रिकशी झाला, तेव्हा देखभालीसाठीच्या शेडचाही त्यात समावेश होता. इंजिनाची किंमत म्हणजे केवळ लोखंडाची किंमत नव्हे, हे आता करारातच लिहिले जाते.

खानदेशात पोहोचलेले स्वप्न

ब्रॉडगेज मार्गांच्या जवळजवळ संपूर्ण विद्युतीकरणामुळे रेल्वेतील डिझेलचे पर्व आता मावळतीला आले आहे. भुसावळची ओळख तर कधीचीच विजेच्या इंजिनांचे आगर अशी झाली आहे. परंतु डिझेलचे मूळ स्वप्न रेल्वेचे नव्हतेच. ते छोट्या माणसाच्या छोट्या यंत्राचे होते. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि अशा कारखान्यांतून निघालेली लहान डिझेल इंजिने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचली. तापीकाठी वीज पोहोचण्याआधी, आणि पोहोचल्यावरही ती गेली की, केळीच्या बागेला पाणी याच यंत्राने पाजले. पिठाच्या गिरण्या आणि शेंगा फोडण्याची यंत्रे त्याच्याच बळावर फिरली. म्युनिकच्या महालात लिहिलेल्या ज्या पुस्तकाला काही शेकडाच वाचक मिळाले, त्यातील स्वावलंबी कारागिराचे चित्र अर्ध्या शतकानंतर रावेर-यावलच्या विहिरींवर अंशतः साकार झाले.

त्या यंत्राचा मालक असलेल्या शेतकऱ्याने रुडॉल्फ डिझेलचे नाव कधी ऐकले नसेल. पण इंजिन घेताना तो नेमके तेच विचारीत असे, जे डिझेलने स्वतःच्या व्यवहारात विचारायचे राहून गेले. किमतीत काय काय मिळते, सुट्या भागांचे काय आणि बिघडले तर दुरुस्त कोण करणार. उष्णतेचा अपव्यय थांबविण्यासाठी आयुष्य वेचलेल्या या शोधकाच्या समाधीवर फूल ठेवायला कुठे जागा नाही. उत्तर समुद्राने ती ठेवलीच नाही. त्याचे आडनाव मात्र जगातील जवळजवळ प्रत्येक भाषेत सामान्यनाम होऊन बसले आहे, आणि खानदेशातल्या बांधावर ते आजही रोज उच्चारले जाते.